रडार चित्रांवरून गावाचा पूरनकाशा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४५ फूट. पाणी कुठवर चढलं हे वरून बघायचं म्हणून त्या आठवड्यातली साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाची चित्रं उघडलीत, तर हाती लागतात ते पांढरे ढग. पाऊस पडत असताना ढग असणारच, आणि पूर नेमका तेव्हाच येतो.

रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी मोजतो. त्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही काम करतात. युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेची अशी चित्रं २०१४ पासून सगळ्या जगाला फुकट मिळतात. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या भागाचा नकाशा करायला बसलो तेव्हा माहिती भरपूर होती, पण कुठून सुरुवात करायची आणि कुठे फसायला होतं हे सांगणारं मराठीत काही सापडलं नाही. म्हणून हे लिहितोय. उदाहरण कृष्णा-पंचगंगेचं आहे, पण पायऱ्या गोदावरीकाठी किंवा वैनगंगेकाठीही याच.

## आधी हे जमवून ठेवा

- किमान ८ जीबी रॅमचा संगणक. १६ असेल तर काम सुसह्य होतं. डिस्कवर ३०-४० जीबी मोकळी जागा हवी, कारण एकेक चित्र साधारण १ जीबीचं असतं आणि प्रक्रिया करताना त्याच्या चार-पाच आवृत्त्या होतात.
- स्नॅप हे युरोपीय अंतराळ संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर आणि क्यूजीआयएस हे मोफत नकाशा सॉफ्टवेअर.
- कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर खातं. फक्त ईमेल लागतो, पैसे लागत नाहीत. अमेरिकेतल्या अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्स या पानावरही हीच चित्रं मिळतात. एक बंद असेल तर दुसरं उघडा.
- गावाचा गट नकाशा. महाभूनकाशावर पाहता येतो.
- एक वही आणि गावात फिरायची तयारी. ही शेवटची गोष्ट लोक वगळतात आणि मग नकाशा चुकतो.

## १. कोणता पूर, कोणती जागा, कोणते दिवस

‘सांगली-कोल्हापूरचा पूर’ एवढं पुरेसं नाही. पाच-सात गावांचा टापू ठरवा. मी कुरुंदवाड, नृसिंहवाडी आणि आसपासचा संगमाचा भाग धरला होता. मग त्या पुराचं दिवसवार वेळापत्रक लिहून काढा: पाणी पात्राबाहेर कधी आलं, सर्वांत जास्त कधी होतं, ओसरायला कधी लागलं. पूल आणि बंधाऱ्यांवरच्या रोजच्या पातळ्या जुन्या वर्तमानपत्रांत मिळतात. कोल्हापूरकडे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे.

या वेळापत्रकाचं कारण असं की एक सेंटिनेल-१ उपग्रह त्याच मार्गावरून दर १२ दिवसांनी जातो. २०१९ मध्ये दोन उपग्रह फिरत होते, पण भारतावरची प्रत्येक फेरी टिपली जातेच असं नाही. तुम्हाला मिळणारं चित्र पाणी सर्वांत जास्त असतानाचं असेलच याची खात्री नसते. ते चढत्या पाण्याचं आहे की ओसरत्या, हे वेळापत्रकाशी ताडल्याशिवाय कळत नाही.

## २. चित्रांची जोडी निवडा

दोन चित्रं हवीत: पुराआधीचं आणि पुरातलं. शोधताना हे पर्याय लावा: उत्पादन जीआरडी (परतलेल्या लहरींची फक्त ताकद दाखवणारं चित्र), पद्धत आयडब्ल्यू (जमिनीसाठीची नेहमीची), ध्रुवण व्हीव्ही अधिक व्हीएच. ध्रुवण म्हणजे लहर उभी की आडवी: व्हीव्हीत उभी सोडून उभीच मोजतात, व्हीएचमध्ये उभी सोडून आडवी. नवखे लोक एसएलसी हा कच्च्या माहितीचा प्रकार उतरवून घेतात. तो कित्येक पट जड असतो आणि पूरनकाशाला लागत नाही.

जोडी निवडताना तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत.

पहिली, सापेक्ष कक्षा क्रमांक, म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या मार्गाचा क्रमांक, एकच हवा. प्रत्येक चित्राच्या माहितीत तो लिहिलेला असतो. रडार तिरकं बघतं. एक चित्र पूर्वेकडून आणि दुसरं पश्चिमेकडून घेतलेलं असेल, तर टेकड्यांच्या, झाडांच्या, घरांच्या बाजू बदलतात आणि पाणी नसताना फरक दिसतो.

दुसरी, चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे येणारी) फेरी मिसळू नका. आपल्याकडे उतरती फेरी सकाळी सहाच्या सुमारास होते आणि चढती संध्याकाळी सहाच्या. फाइलच्या नावातली वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा.

तिसरी, हंगाम. ‘आधीचं’ म्हणून एप्रिलचं चित्र घेऊ नका. एप्रिलमध्ये नांगरट झालेलं कोरडं रान असतं, जुलैत उगवलेलं सोयाबीन. त्या दोघांतला फरक पुराचा नाही, पिकाचा आहे. पुराच्या तीन-चार आठवडे आधीचं, पण पाणी पात्रातच असतानाचं चित्र घ्या.

## ३. स्नॅपमध्ये चित्र तयार करा

उतरवलेली झिप फाइल उलगडू नका, स्नॅप ती तशीच उघडतं. पहिल्यांदा चित्र बघाल तेव्हा दचकाल: नदी उलटीच दिसेल. उतरत्या फेरीच्या चित्रात पूर्व-पश्चिम अदलाबदल झालेली असते, चढत्या फेरीच्या चित्रात उत्तर-दक्षिण. फाइल बिघडलेली नसते. खालच्या सहाव्या पायरीत, टेरेन करेक्शनमध्ये, चित्र सरळ होतं.

क्रम असा ठेवा:

1. अप्लाय ऑर्बिट फाइल. उपग्रह नेमका कुठे होता याची अचूक माहिती जोडली जाते. अगदी ताजं चित्र असेल तर अचूक कक्षेची फाइल अजून आलेली नसते, ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. तेव्हा ‘फाइल न मिळाल्यास थांबू नये’ या अर्थाच्या चौकटीत खूण करा.
2. सबसेट. तुमचा टापू तेवढा कापून घ्या. चित्र सुमारे २५० किलोमीटर रुंद असतं. न कापता पुढे गेलात तर ८ जीबीचा संगणक अर्धा दिवस अडकून पडतो.
3. थर्मल नॉइज रिमूव्हल. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट वजा होतो. पाणी मुळातच काळं असल्यामुळे हा गोंगाट पाण्यावर जास्त दिसतो, म्हणून ही पायरी टाळू नका.
4. कॅलिब्रेशन. चित्रातले कच्चे आकडे परतलेल्या लहरींच्या मोजमापात बदलतात. सिग्मा नॉट हा पर्याय निवडा. याशिवाय दोन तारखांची तुलना करता येत नाही.
5. स्पेकल फिल्टर. रडारचं चित्र खसखस सांडल्यासारखं दिसतं. रिफाइन्ड ली किंवा ५ बाय ५ पिक्सेलच्या खिडकीचा ली हा पर्याय चाळणीसारखा वापरा. फार मोठी खिडकी घेतलीत तर ओढे आणि पाणंद रस्ते पुसले जातात.
6. टेरेन करेक्शन. चढ-उतारामुळे सरकलेलं चित्र नकाशावर जागच्या जागी बसतं. उंचीचं प्रतिमान एसआरटीएम १ सेकंद निवडा, प्रक्षेपण यूटीएम झोन ४३ उत्तर. नागपूर-गोंदियाकडचे असाल तर झोन ४४. पिक्सेल १० मीटरचा ठेवा.
7. डेसिबलमध्ये (परतलेल्या लहरींची ताकद सांगायचं एकक) रूपांतर, आणि जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्रफाइल) म्हणून जतन.

दोन्ही चित्रांवर हाच क्रम, हेच आकडे. स्नॅपच्या ग्राफ बिल्डरमध्ये या पायऱ्यांची साखळी एकदा बांधून ठेवली की दुसऱ्या चित्रावर चूक होत नाही. फाइलच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशी नावं दिलीत तर आठवड्याने आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे तुम्हालाच कळणार नाही.

## ४. पाणी वेगळं काढा

संथ पाणी आरशासारखं असतं. तिरकी आलेली लहर ते पुढेच परावर्तित करतं, उपग्रहाकडे जवळजवळ काही परत येत नाही. म्हणून पाणी काळं. जमीन, पीक, झाडं लहरी विखुरतात, म्हणून ती करडी किंवा उजळ.

क्यूजीआयएसमध्ये पुराचं व्हीव्ही चित्र उघडा आणि त्याचा स्तंभालेख, म्हणजे कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल याचा आलेख, बघा. टापूत पाणी पुरेसं असेल तर दोन उंचवटे दिसतात: जमिनीचा मोठा, पाण्याचा छोटा. त्यांच्यामधली दरी ही तुमची सीमा. ती बहुधा उणे १५ ते उणे १७ डेसिबलच्या आसपास असते. दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलू नका, स्वतःच्या चित्रावरून काढा. एकच उंचवटा दिसला तर टापू फार मोठा आहे. नदीच्या जवळचा भाग कापून पुन्हा बघा.

मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन अटी एकत्र लावा: पुरातलं मूल्य सीमेपेक्षा कमी, आणि आधीच्या चित्रापेक्षा ते किमान ३ डेसिबलने घटलेलं. ३ डेसिबलची घट म्हणजे परतणारी ऊर्जा निम्मी. नुसती पहिली अट लावलीत तर नेहमीचं नदीपात्र, तळी, गुळगुळीत डांबरी पट्टे सगळंच पूर म्हणून येतं. नुसती दुसरी लावलीत तर नुकतं कापलेलं किंवा नांगरलेलं रान येतं. शेवटी चार-पाच पिक्सेलचे सुटे ठिपके चाळून टाका. तीव्र उताराच्या जागाही वगळा. डोंगराच्या आड रडारची सावली पडते, ती पाण्याइतकीच काळी असते.

क्षेत्रफळ काढताना एक सोय होते. १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. पण यावरून गुंठ्या-गुंठ्याचा वाद घालू नका. या चित्राची खरी नजर २० मीटरच्या आसपास आहे. एकरांत बोला, गुंठ्यांत नको.

## ५. जे दिसत नाही ते वेगळ्या रंगात दाखवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्या पहिल्या नकाशात नदीकाठचं सोयाबीन बुडालेलं दिसत होतं आणि त्याला लागून असलेलं काकांचं रान कोरडं. काकांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, “माझ्या उसात मी छातीएवढ्या पाण्यात होतो.” फडाच्या आतल्या विजेच्या खांबावर पाण्याची रेघ होती. ती त्यांनी मला नेऊन दाखवली.

चूक रडारची नव्हती. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटीमीटरची आहे. उंच, दाट उसात ती पानांतच अडकते, खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे आपल्याकडचा नकाशा लागणीवर अवलंबून असतो. आदल्या वर्षीच्या आडसालीचा (पावसाळ्यात लावलेल्या उसाचा) फड ऑगस्टमध्ये डोक्याच्या वर गेलेला असतो, त्यात काही दिसत नाही. ‘सुरू’ म्हणतात त्या जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीचा आणि खोडव्याचा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला) ऊस उंचीप्रमाणे कधी दिसतो, कधी नाही. जुलैत नुकती केलेली आडसाली लागण मात्र स्वच्छ दिसते, कारण ती पूर्ण पाण्याखाली जाते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, सारख्याच पाण्यात, एक रान निळं आणि एक कोरडं येतं.

दुसरी आंधळी जागा म्हणजे वस्ती. रस्त्यावरच्या पाण्यावरून लहर भिंतीवर आपटते आणि तशीच माघारी उपग्रहाकडे जाते. त्यामुळे पाणी भरलेली गल्ली काळी न होता उजळ दिसते. सांगलीच्या पेठांत पाणी होतं हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, पण या पद्धतीच्या नकाशात बाजारपेठ कोरडी येईल.

उलट चुकाही होतात. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे जुलैत चिखलणी करून भाताची रोपलावण होते. खाचरात पाणी असतंच, ते पूर म्हणून येतं. जोराचा वारा असेल तर उघड्या पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी उजळ होऊन नकाशातून गळतं. अशा वेळी व्हीएच चित्र ताडून पाहा, त्यावर वाऱ्याचा परिणाम कमी होतो.

म्हणून माझं सांगणं आहे की नकाशात तीन रंग ठेवा: पाणी दिसलं, पाणी दिसलं नाही, आणि इथे सांगता येत नाही. उंच उसाचे फड, गावठाण, दाट झाडी आणि डोंगराची सावली या तिसऱ्या रंगात जातील. कोपर्निकसची जागतिक पूर निरीक्षण सेवा सेंटिनेल-१ ची येणारी चित्रं आपोआप तपासते, आणि तीसुद्धा जिथे रडारला कळत नाही ते भाग वेगळ्या थराने झाकून दाखवते. एवढी मोठी यंत्रणा जर ‘इथलं माहीत नाही’ असं लिहिते, तर आपण का लिहू नये? दोनच रंगांचा नकाशा एखाद्याच्या हातात गेला आणि त्यावरून ‘तुमच्या गटात पाणीच नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर त्या शेतकऱ्याच्या पंचनाम्यावर गदा येते. आपल्या कागदाने कुणाचं नुकसान होता कामा नये.

## ६. गावात जाऊन ताडा

तिसऱ्या रंगाचा भाग पायी फिरून भरायचा. पाण्याच्या खुणा पुसल्या जायच्या आत जा. भिंतीवरची गाळाची रेघ, कुंपणात अडकलेला पाचोळा, देवळाच्या पायऱ्या, विजेचे खांब बघा. प्रत्येक खुणेचा फोटो काढा, मोबाइलवर स्थान चालू ठेवा, आणि जमिनीपासून रेघेची उंची टेपने मोजून वहीत लिहा. फोटोत टेप दिसू द्या.

लोकांना ‘पाणी किती होतं?’ असं विचारू नका, उत्तर ‘लय होतं’ असं येतं. ‘तुमच्या दारातल्या कट्ट्याच्या वर की खाली?’ असं विचारा. २००५ ला कुठवर आलं होतं, तेही विचारा. सेंटिनेल-१ ची चित्रं २०१४ पासूनची, म्हणजे २००५ चा पूर त्यांत नाही. तो फक्त माणसांच्या आठवणीत आणि जुन्या भिंतींवर आहे. नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी तर दक्षिणद्वार सोहळ्यामुळे पाणी देवळात कधी शिरलं याच्या तारखा लोकांच्या तोंडी असतात.

खुणा नकाशावर टाका आणि मोजा: किती जागी रडारचं आणि खुणांचं जुळलं, किती जागी नाही. तो हिशोब नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

## ७. एका पुरावरून धोक्याच्या नकाशाकडे

एक नकाशा म्हणजे एका दिवसाचं पाणी. धोका कुठे आहे हे कळायला ऑगस्ट २०१९, जुलै २०२१ आणि त्यानंतरच्या पुरांचे थर एकमेकांवर ठेवा आणि कोणता भाग किती वेळा भिजला ते मोजा. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पाण्याच्या योजनेची मोटर, गावाबाहेर जायचे रस्ते त्यावर टाका. गावाला सर्वांत उपयोगी माहिती बहुधा हीच असते: कोणता रस्ता आधी बंद होतो.

दोन इशारे. गट नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवताना तो काही ठिकाणी कित्येक मीटर सरकतो. विहिरी, पूल, शिवेवरचे ओढे अशा पक्क्या जागांवर जुळवून घ्या, आणि तरीही एकट्या गटाबद्दल ठाम विधान करू नका. दुसरं, तुमच्या नकाशाला ‘पूररेषा’ म्हणू नका. निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. बांधकामाची परवानगी त्यावर ठरते. तुमच्या नकाशाचं शीर्षक ‘अमुक तारखेला, अमुक वेळी रडारला दिसलेलं पाणी’ असं साधं ठेवा. अधिकृत पूरचित्रं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भुवन पोर्टलवर मिळतात, ती शेजारी ठेवून बघा.

## ८. दरडींचं काय?

हा प्रश्न मला घाटाकडचे लोक नेहमी विचारतात, आणि माळीण, तळिये, इर्शाळवाडीनंतर तो विचारायलाच हवा. रडारच्या दोन फेऱ्यांतल्या लहरींच्या टप्प्यातला (इंग्रजीत फेज) फरक मोजून जमीन काही मिलिमीटर-सेंटीमीटर सरकल्याचं कळू शकतं. पण सह्याद्रीत पावसाळ्यात सगळं हिरवं होतं, पानं हलतात, वाढतात, आणि सेंटिनेलच्या छोट्या लहरीचा आधीच्या फेरीशी मेळ तुटतो. तिथून येणारे रंगीत पट्टे बऱ्याचदा नुसता गोंगाट असतो. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. माळीणची दरड कोसळली तीही ३० जुलैलाच, २०१४ साली. निसारच्या एल पट्ट्याची लहर सुमारे २४ सेंटीमीटरची आहे, ती झाडीत खोलवर जाते, म्हणून डोंगराळ भागासाठी त्याच्याकडून आशा आहे.

तरी पहिला प्रयोग म्हणून दरडीचं काम घेऊ नका, आणि स्वतः काढलेल्या चित्रावरून एखाद्या वाडीला ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असं तर कधीच सांगू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत, आधी ते बघा. डोंगराला भेग दिसली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर चित्राची वाट न पाहता तलाठी आणि तहसील कार्यालयाला कळवा आणि माणसं हलवा.

## ९. पुढच्या पावसाआधी

पूर आल्यावर वीज जाते, नेट जातं, आणि १ जीबीची फाइल उतरत नाही. म्हणून दर वर्षी जूनच्या शेवटी एक ताजं ‘आधीचं’ चित्र उतरवून सगळ्या पायऱ्यांतून काढून ठेवा. एसआरटीएमचे तुकडेही एकदा काम केलं की संगणकावर राहतात. तुमच्या कक्षा क्रमांकाच्या पुढच्या फेऱ्यांच्या तारखा १२-१२ दिवस मिळवून कॅलेंडरवर लिहा. आमच्या घरात त्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या आहेत, शेजारी उंच आडसालीच्या फडांची गटवार यादी. ती यादी दर वर्षी काकाच सांगतात.